रविवारचं पान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिन्यात, पतसंस्थेच्या काउंटरवर, लग्नाच्या पंगतीत, लोक मला गाठून हेच प्रश्न विचारतात. एकदाच नीट लिहून ठेवते, म्हणजे मठ्ठा गरम होत नाही.

हे रविवारचं पान म्हणजे नेमकं काय?

फुलस्केप कागद, पाठपोट लिहिलेला. शनिवारी रात्री ओटा पुसून झाला की बसते आणि आठवडाभरात काय ऐकलं, काय वाचलं, काय पाहिलं आणि काय अवचित सापडलं ते हातानं लिहून काढते. रविवारी सकाळी दूध आणायला जाते तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच्या बावीस झेरॉक्स काढते. नऊ आमच्या इमारतीत आणि गल्लीत जातात, सात पतसंस्थेत (मी तिथं रोखपाल आहे), सहा पोस्टानं. पैसे घेत नाही. खालच्या काकांनी एकदा वर्षाची वर्गणी म्हणून शंभराची नोट पुढं केली होती. ती परत केली आणि त्याऐवजी त्यांच्याकडच्या नाट्यगीतांच्या दोन कॅसेट मागून घेतल्या. त्या अजून परत केलेल्या नाहीत, हे त्यांच्या लक्षात आहे.

सुरुवात कशी झाली?

बेळगावच्या आत्यामुळं. माझ्या लहानपणी ती दर आठवड्याला पोस्टकार्ड पाठवायची. तब्येतपाण्याची एक ओळ, बाकी सगळं रेडिओवर काय लागलं होतं ते. तिच्याकडं धारवाड केंद्र स्वच्छ लागायचं. एक कार्ड माझ्याकडं आहे: "मंगळवारी रात्री मल्लिकार्जुन मन्सूर लागले होते. दूध उतू गेलं. शेगडी पुसताना पुन्हा तेच आठवत राहिलं." राग कुठला, बंदिश कुठली, एक अक्षर नाही. पण मन्सूरांचं गाणं लागलं की मला अजून करपलेल्या दुधाचा वास येतो, आणि त्या रात्री मी तिथं नव्हतेसुद्धा.

पुढं घरोघरी फोन आले आणि कार्डं थांबली. २०१६ च्या पावसाळ्यात आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. फोनवर म्हणाली, "अगं, तू तरी कळव की काय चाललंय जगात." जगाचं मला काय ठाऊक! मी माझ्या आठवड्याचं लिहून पाठवलं, तिच्या सुनेनं ते वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात आत्याचाच फोन: "पान कुठाय?" तेव्हापासून चालू आहे. तिचे डोळे कधीच बरे झाले.

दर आठवड्याला कशाला? महिन्यातून एकदा पुरे की.

दोनदा महिन्याचं करून पाहिलं. शेवटच्या आठवड्यातलं सगळं आठवतं, पहिल्या आठवड्यातलं फक्त नाव आठवतं. आणि रोज लिहावं असं रोज काही हाती लागत नाही. आपल्याकडं आठवड्याचं माप आधीपासून अंगात मुरलेलं आहे. मिरजेचा बाजार काय, वारांचे उपास काय.

गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं आणि मग दर आठवड्याला एक नवं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, की आला पुढचा शुक्रवार. वर्षाची ५२ गीतं ठरली होती, पण त्या वर्षी अधिक महिना पडला, पुढची रामनवमी लांबली आणि गीतं झाली ५६. पंचांगानं कार्यक्रम वाढवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आजी सांगायची, रेडिओपुढं उदबत्ती लागायची आणि गीत संपलं की पुढं काय होणार यावर बायका विहिरीवर बोलायच्या. रामायणात पुढं काय होणार हे ज्यांना पाठ, त्या बायका! ही सात दिवसांची करामत आहे. आता छपन्नच्या छपन्न गीतं एका दुपारी ऐकता येतात. मी ऐकायला बसले होते. सेतू बांधून व्हायच्या आत डोळा लागला.

बाबांची तऱ्हा वेगळी. त्यांचा वार बुधवार. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. बाबा पुढं कॉलेजात गेल्यावर तिच्या नादाला लागले, आणि कुठलं गाणं कितव्या पायदानावर ते वहीत उतरवून घ्यायचे. त्या वहीच्या मागच्या पानांवर वाण्याचा हिशेब आहे. म्हणजे आमच्या घरात हा आजार जुनाच आहे.

एवढं सगळं वाचायला-बघायला वेळ कुठून मिळतो?

मिळत नाही. बहुतेक आठवड्यांत एक सिनेमा, तोही दोन बैठकांत, एखाद्या पुस्तकाची तीसचाळीस पानं आणि चारपाच गाणी, एवढाच ऐवज असतो. मार्चअखेरीला तेवढंही नसतं. एका मार्चच्या पानावर एकच नोंद आहे: समोरच्या लग्नातल्या बँडनं चुकीच्या सुरात वाजवलेलं एक गाणं, आणि ते वाजवणाऱ्या म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याचा शांत चेहरा. आत्याला ते पान सगळ्यांत आवडलं होतं.

पानावर कुठले कप्पे असतात?

ऐकलं, वाचलं, पाहिलं, सापडलं. आणि प्रत्येक नोंदीपुढं समासात एक बारीक ओळ: 'कुठून आलं'. कुणी सांगितलं, कुणी दिलं, कुठल्या दुकानात, कुठल्या प्रवासात, काय करत असताना. लोकांना वाटतं हा माझा चोखंदळपणा. खरं तर मला सगळ्यांत उपयोगी तीच ओळ पडते. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर पुस्तकाबद्दल मी जे मत मांडलंय ते वाचून कधीकधी लाज वाटते. समासातलं 'पंढरपूर एसटीत शेजारच्या बाईंकडून, त्या कुर्डुवाडीला उतरल्या' हे वाचून मात्र सगळं पुस्तक परत उभं राहतं.

तारे का देत नाही? पाचपैकी किती ते सांगितलं तर बरं पडेल.

पतसंस्थेत दिवसभर आकडेच मोजते, शनिवारी रात्री परत तेच नको. हे झालं गमतीचं. खरं कारण असं, की तारे दिले की माणूस वाचतच नाही, तारे बघतो आणि कागद घडी करून खिशात घालतो. सुरुवातीला चार महिने मी तारे देत होते. इमारतीतल्या एका ताईंनी साडेतीन तारेवालं पुस्तक ग्रंथालयातून आणलं, आवडलं नाही, आणि जिन्यात मला थांबवून अर्ध्या ताऱ्याचा हिशेब मागितला. दुसरं असं, की मी ज्या मूडमध्ये होते तो मूड त्या आकड्यात कुठं दिसणार? तापातून उठल्यावर पाहिलेला प्रत्येक सिनेमा मला थोर वाटतो.

मला राग ओळखता येत नाहीत. शास्त्रीय संगीताबद्दल मी कसं लिहू?

मलाही येत नाहीत. पाचसहा येतात, तेही गाणाऱ्यानं ओळखीच्या वाटेनं गेलं तर. मिरजेत राहून हे कबूल करायला धाडस लागतं, कारण इथं चहाच्या गाडीवरचा माणूसही 'हा मारवा नव्हे, पुरिया' म्हणून टोकतो.

माझा उपाय म्हणजे छोट्यापासून सुरुवात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ऐका. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जाननं ध्वनिमुद्रण केलं आणि शेवटी आपलं नाव इंग्रजीत खणखणीत उच्चारलं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या माणसांना आवाज कुणाचा हे कळावं म्हणून ही सोय. रात्रभर गाणाऱ्या माणसांना तीन मिनिटांच्या डबीत बसवल्यावर त्यांनी काय ठेवलं आणि काय टाकलं, हे ऐकायला राग कळायची गरज नाही. आमच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी घ्या. घाई कुठंही नाही. घड्याळ त्यांच्या बाजूनं असल्यासारखं गातात. खाँसाहेबांची कबर मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरसात दरवर्षी तिथं गाणारे-वाजवणारे हजेरी लावतात. तिकीट नसतं. तिथं ऐकलेल्या गाण्याबद्दल मी पानावर बहुधा शेजारी कोण बसलं होतं तेवढंच लिहिते.

आणि गाणं कळायचं नसेल तर निदान आवाज कुठून येतो ते जाऊन बघा. सतारमेकर गल्लीत मी एकदा नुसती उभी राहिले होते. कारागिराच्या मांडीवर तंबोरा आडवा. तार जिच्यावरून जाते ती घोडी, तिच्या पाठीवर कानशीचे दोन हलके हात, की तार छेडायची. पुन्हा दोन हात, पुन्हा छेडायची. आवाज सपाट, टीन वाजल्यासारखा. मग त्यानं सुती दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवला, बोटानं केसभर पुढं नेला, केसभर मागं आणला, आणि एका जागी तो आवाज एकदम फुलला. मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा. अजून केसभर सरकवला, तर बंद. परत मागं. "आली जवारी," एवढंच म्हणाला आणि चहा मागवला. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं येतात. दीडशेहून जास्त वर्षं हे काम इथं चाललंय आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या दिवसापासून मैफलीत मी तंबोऱ्याकडं पाठ करून बसत नाही.

तर लिहायचं असं: कुठं कान टवकारले आणि कुठं जांभई आली. दोन्ही.

पुस्तक अर्धवट सोडलं तर लिहावं का?

हो. पान क्रमांकासकट. 'पृष्ठ ११२ वर सोडलं, पावसाचं वर्णन संपेना.' पुढं कधीतरी तिथूनच उचलता येतं.

पुस्तकं विकत घेता की ग्रंथालयातून आणता?

निम्मी ग्रंथालयातून. विकतची बहुतेक जुनी, रद्दीवाल्याकडून किंवा पुण्याला गेले तर अप्पा बळवंत चौकातून. जुन्या पुस्तकाचं मला वेड आहे, कारण 'कुठून आलं' ही ओळ त्यात आधीच लिहिलेली असते. पहिल्या पानावर 'चि. सौ. हिला, माहेरून', खाली तारीख. मध्ये एसटीचं तिकीट. एका कवितासंग्रहात मला इस्त्रीवाल्याची चिठ्ठी मिळाली होती: शर्ट ४, धोतर १, साडी २. कवितांपेक्षा तीच जास्त दिवस डोक्यात राहिली.

दिवाळी अंकांसाठी मात्र वेगळं पाकीट काढून ठेवते. काशिनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ मध्ये, म्हणजे शंभराहून जास्त दिवाळ्या झाल्या. आम्ही इमारतीत चारजणी मिळून बारा अंक घेतो आणि फिरवतो. फेब्रुवारीपर्यंत पुरतात. फराळाचे तुपकट ठसे कुणाच्या घरचे ते ओळखू येतात. मुलांना घेऊन कुठं जायचं असेल तर भिलारला जा, पाचगणीजवळ. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, देवळात पुस्तकं मांडलेली. बसा, वाचा, मग स्ट्रॉबेरी खा. स्ट्रॉबेरीच्या हातानं पुस्तक धरू नका, एवढंच.

सिनेमा थेटरातच बघावा का?

बघावा, पण दरवेळी जमत नाही. एका मराठी सिनेमाला मी पतसंस्थेतून अर्धी रजा काढून गेले, तर तिकीट खिडकीवरचा मुलगा म्हणाला, पाच माणसं झाली तर लावू. आम्ही तिघं होतो. त्यानं आणि मी मिळून बाहेर कुणी येतंय का ते पंधरा मिनिटं पाहिलं. शेवटी पैसे परत मिळाले आणि चौथा माणूस आला. तो सिनेमा मी अजून पाहिलेला नाही, पण पानावर तो आहे.

'द डिसायपल' मी मोबाईलवर पाहिला, जेवणाच्या सुट्टीत, चार दिवसांत चार तुकडे. चैतन्य ताम्हाणेचा. २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला. त्यात तो शागीर्द रात्री रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवतो आणि कानात गुरूंच्या गुरूंचा आवाज, जुन्या टेपवरचा. पडदा तळहाताएवढा, शेजारी डब्यातली शेपूची भाजी. तरी अंगावर काटा आला. तेव्हा मोठा पडदा नाही म्हणून बघायचंच नाही, असं सोवळं मी पाळत नाही. फक्त समासात 'मोबाईल, शेपू' असं प्रामाणिकपणे लिहिते.

तिकिटं मात्र जपून ठेवा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं ते पी. के. नायर लहानपणी सिनेमाची तिकिटं गोळा करायचे. पुढं त्यांनी हजारो सिनेमांची रिळं गोळा केली. मला एवढी मजल मारायची नाही, पण पानाला टाचणीनं तिकीट लावलं की पान भरल्यासारखं दिसतं, आणि दोन ओळी कमी लिहाव्या लागतात.

'सापडलं' या कप्प्यात काय येतं?

जे शोधलं नव्हतं ते. भेळेच्या कागदावरची अर्धी कथा, कालनिर्णयच्या मागच्या बाजूचा लेख, रिक्षाच्या पाठीवरची ओळ, नवा शब्द. हा कप्पा लोक सगळ्यांत आधी वाचतात, आणि मलाही तोच लिहायला आवडतो.

एकच सांगते. 'पेव फुटणं' हा शब्दप्रयोग मी जन्मभर वापरला. पतसंस्थांचं पेव फुटलंय, क्लासेसचं पेव फुटलंय. पेव म्हणजे काय, कधी विचार केला नव्हता. एका रविवारी हरिपूरला गेले, सांगलीच्या अंगाला, जिथं वारणा कृष्णेला मिळते. 'शारदा' लिहिणारे देवल तिथलेच. संगमेश्वराचं दर्शन घेऊन परत येताना एक आजोबा भेटले, जमिनीकडं बोट दाखवत म्हणाले, "इथं खाली हळद होती." पेव म्हणजे धान्य किंवा हळद साठवायचा जमिनीतला खड्डा. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत रांजणासारखा फुगत गेलेला. सांगलीच्या बाजारातली हळद हरिपूरच्या मातीत अशी वर्षानुवर्षं राहायची. तोंड उघडल्यावर लगेच उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते, आधी वारा लागू द्यायचा. २००५ च्या पुरात पाणी शिरून कितीतरी पेवं गेली.

तर पेव फुटलं म्हणजे झाकलेलं एकदम बाहेर येणं. मी रिक्षातून घरी येईपर्यंत तो शब्द मनातल्या मनात म्हणत होते. त्या आठवड्यात बाकी काही लिहिलंच नाही.

फोन आपणहून गाणी सुचवतो, ती चालतात का?

चालतात. समासात 'आपोआप आलं' असं लिहिते. गंमत अशी, की त्या नोंदी मागं वळून बघितल्या तर आठवतच नाहीत. गाणी वाईट नसतात. पण ज्यानं दिलं त्याला 'ऐकलं हं' असं सांगायची सोय नसते. भाचा गाणं पाठवतो तेव्हा मला त्याच्याशी भांडता तरी येतं. परवा त्यानं एक रॅप पाठवलं, मला त्यातलं अर्धं कळलं नाही, मी फोन केला, त्यानं ओळ न् ओळ समजावून सांगितली. चाळीस मिनिटं बोललो. एरवी तो दिवाळीला 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलतो.

आवडलं नाही तर तसं लिहिता का?

लिहिते, पण नवख्यांच्या कामाबद्दल नाही. गावातल्या हौशी नाटकाला नावं ठेवायला मी कोण? सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा त्यांच्यापुढं तरी मराठी नाटकाचा कुठला नमुना होता? कोट्यवधी खर्चून केलेल्या कंटाळ्याला मात्र सूट नाही.

खंड पडतो का?

पडतो. आजारपणं, लग्नं, ऑडिट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा दोन रविवार पान निघालं नाही. पाणी उतरल्यावर मी मावसबहिणीकडं गेले. तळमजल्यावर मेहुण्यांचं पुस्तकांचं कपाट. दार उघडेना, कारण भिजून फुगलेली पुस्तकं आतून दाबून बसली होती. फळ्या तोडून काढली. गुळगुळीत कागदाची पुस्तकं विटेसारखी झालेली, पान सुटेना. जुन्या, साध्या, पिवळ्या कागदाची मात्र वाचली. गच्चीत ती उभी करून पंख्यासारखी उघडून ठेवली, पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे, दर दोन तासांनी बदलायचे. बदलताना प्रत्येक पुस्तकाची एकदोन पानं वाचली जायची. तिसऱ्या रविवारच्या पानावर 'वाचलं' या कप्प्यात अशा एकोणतीस पुस्तकांची नावं आहेत, प्रत्येकापुढं एकेक ओळ, आणि समासात सगळ्यांना मिळून एकच: 'गच्ची, ऊन'.

एखादं पान नमुन्यादाखल दाखवाल का?

गेल्या चैत्रातलं, थोडं छाटून:

ऐकलं: खाँसाहेबांची झिंझोटी, परत. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, सेल बदलेपर्यंत. मालक म्हणाले, ही तबकडी संपते तेवढ्यात सेल बसतो, मी यावरच वेळ मोजतो. (कुठून: स्टेशन रोड, बंद पडलेलं घड्याळ)

वाचलं: दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. बारा महिन्यांचे लेख. यंदा ठरवलंय, ज्या महिन्यात जो महिना, तेवढाच वाचायचा. चैत्र झाला. वैशाखाचं पान उघडायचा मोह आवरला. (कुठून: रद्दीवाला, ४० रुपये, पाठीमागचं पुठ्ठ्याचं पान गायब)

पाहिलं: प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६ चा, टीव्हीवर, चौथ्यांदा. पुढच्या वर्षी व्हेनिसला गौरव झाला होता. लोक विष्णुपंत पागनिसांच्या तुकारामाबद्दल बोलतात, मी या वेळी फक्त गौरीच्या जिजाईकडं बघत बसले. तिच्या चिडण्यात केवढा संसार आहे! तुकोबा वैकुंठाला निघाले तरी हिच्या चुलीची काळजी सुटत नाही. (कुठून: सासूबाईंनी रिमोट दिला नाही)

सापडलं: लिंबाच्या मोहोराचा वास रात्री आठनंतर वाढतो, निदान आमच्या गच्चीत. (कुठून: वीज गेली होती)

मलाही असं सुरू करायचंय. काय लागतं?

कागद, पेन, आणि वाट बघणारं एक माणूस. यांतलं तिसरं आधी शोधा. वही घेऊन सुरुवात करणारे मी पुष्कळ पाहिले, जाड पुठ्ठ्याची, रेशमी दोरी असलेली. ती वही तिसऱ्या आठवड्यात कपाटात जाते. एकाच माणसाला लिहा. ते माणूस गावाकडचं असेल, दवाखान्यातलं असेल, परदेशी गेलेला मुलगा असेल तर फोटो काढून पाठवा, हरकत नाही. पहिल्या दिवशी पाच ओळी पुरेत. थोरामोठ्यांचं वाचलं-ऐकलं पाहिजे असं काही नाही, मालिकेच्या शीर्षकगीतावर मी अर्धं पान लिहिलेलं आहे. आणि शनिवारीच बसा. रविवारी पाहुणे येतात.

जुन्या पानांचं काय करता?

मूळ प्रती वर्षावार फायलीत, पतसंस्थेत बाद झालेल्या. पोस्टानं गेलेल्यांतल्या आत्याच्या प्रती मात्र गेल्या वर्षी परत आल्या. ती धाकट्याकडं राहायला गेली, सामान कमी करत होती. मला वाटलं, नको झाली असतील. खोकं उघडलं तर प्रत्येक पानाच्या समासात, माझ्या 'कुठून आलं'च्या खाली, तिनं पेन्सिलनं लिहिलेलं: 'मी पण ऐकलं, रेडिओवर नाही, सुनेच्या फोनवर.' 'हे पुस्तक तुझ्या आजोबांकडं होतं.' 'खोटं. हा सिनेमा तू माझ्याबरोबर बघितलास, झोपली होतीस.' एका ठिकाणी नुसतं: 'भात लागला.'

आता ती पानं वाचून नवीन पानं लिहिते आहे, त्यामुळं सध्या 'वाचलं' या कप्प्यात बऱ्याचदा तीच असतात.

मला पान मिळेल का?

बावीसच्या वर प्रती काढत नाही, दुकानदाराचं मशीन तेविसाव्याला कागद ओढतं. पण दुसऱ्या मजल्यावरचे काका आपली प्रत वाचून झाली की सोमवारी संध्याकाळी जिन्याच्या कठड्यावर ठेवतात, वर एक किल्ली ठेवून, वाऱ्यानं उडू नये म्हणून. मंगळवारी सकाळी पान गेलेलं असतं, किल्ली तिथंच असते.